किल्ल्यात शिरायची वाट

हमीदाबाई रस्त्यात भेटल्या तर त्यांना नमस्कार करायचा नाही, असा आमच्या शाळेतला अलिखित नियम होता. कारण त्या चालताना पावलं मोजत असत. कुणी "नमस्कार बाई" म्हटलं की आकडा चुकायचा. मग त्या कपाळाला हात लावायच्या, "झालं! पुन्हा वेशीपासून," म्हणायच्या आणि खरोखरच मागे वळायच्या.

चाळिशी ओलांडलेली उंच, काटक बाई. पांढरं पातळ, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, पायात पुरुषी चपला आणि हातात बारा महिने काळी छत्री. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा असा डाग की तो जन्मखूण वाटावा. नगरच्या बाजारातली माणसं त्यांना 'मोजणीखात्यातली बाई' म्हणत. खरं तर त्या आमच्या मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहीत. पावलं मोजली जात होती ती कादंबरीसाठी. गोष्ट निजामशाहीतली होती, आणि त्यांच्या गोष्टीतला घोडेस्वार वेशीपासून किल्ल्यापर्यंत जाताना जितका वेळ बोलत असे, तितकाच वेळ खऱ्या रस्त्यावर लागला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

मी एक्केचाळीस साली त्या शाळेत रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवलं.

"कुठली तू, कुसुम?"

"संगमनेरची."

"घरी घोडा होता?"

"नाही, बाई."

"मग वडील काय करतात?"

"वैद्य आहेत."

त्यांचे डोळे एकदम चमकले. "वैद्य! मग त्यांना विचार, खांद्यात बाण घुसलेला माणूस किती दिवसांनी स्वतःच्या हातानं भाकरी मोडून खाईल?"

मी आज्ञाधारकपणे पोस्टकार्ड टाकलं. वडिलांचं उलट टपाली उत्तर आलं की हाड वाचलं असेल तर तीन आठवड्यांनी. आणि खाली बारीक अक्षरात विचारलं होतं, तिकडे सगळं ठीक आहे ना? हमीदाबाईंनी ते कार्ड माझ्याकडून मागून घेतलं. त्यांच्या गोष्टीतला नायक त्याआधी आठव्या दिवशीच तलवार चालवत होता. त्यांनी त्याला आणखी दोन आठवडे अंथरुणात ठेवला. मला म्हणाल्या, "बरं झालं. तेवढ्यात त्या दोघांना बोलायला सवड मिळाली."

त्यांच्या बोलण्याच्या दोन तऱ्हा होत्या. वर्गात त्या अशी स्वच्छ मराठी बोलत की पुण्याहून आलेल्या तपासनीसांनी एकदा त्यांचं नाव दोनदा विचारून घेतलं. पण त्या मूळच्या नेवाशाच्या. वडील अत्तर विकायला नेवासा, राहुरी, देवळाली असे आठवड्याचे बाजार फिरत आणि ही लेक त्यांच्याबरोबर हिंडलेली. त्यामुळे राग आला, आनंद झाला किंवा भीती वाटली की 'आहे'चं 'हाय' व्हायचं. त्यांचं मन ओळखायचं तर चेहऱ्याकडे बघून उपयोग नसे, कान द्यावा लागे.

कादंबरीचं नाव होतं 'तोफखान्याची लेक'. मोगलांचा नगरला वेढा पडलेला आहे. तोफा ओतणाऱ्या ओताऱ्याची मुलगी गोदा आणि लहानपणी गुलाम म्हणून समुद्रापलीकडून आणलेला, आता किल्ल्यातल्या शंभर स्वारांचा नायक झालेला हबशी रेहान, यांची ती प्रेमकथा. पण त्या दोघांभोवती सगळं नगर होतं. धान्याची कोठारं हातात असलेली आणि लपूनछपून शत्रूला धान्य विकणारी एक बेगम होती. फारसी आणि मोडी दोन्ही लिहिणारा एक ब्राह्मण कारकून होता. शहर पेटलं तरी त्याचं लक्ष ऱ्हस्वदीर्घावर. मोगलांच्या छावणीतला एक रजपूत होता, ज्याला हे युद्ध नको होतं. एक भिल्ल वाटाड्या होता, एक तुर्की गोलंदाज होता, आणि पाणी भरणाऱ्या बायका होत्या, ज्यांना सगळ्या बातम्या राजाच्या आधी कळत.

"इतकी माणसं कशाला, बाई?" मी एकदा विचारलं.

तेव्हा त्या त्यांच्या नवऱ्याबद्दल बोलल्या. मला आठवतं त्याप्रमाणे ती एकच वेळ. ते नगरच्या लष्करात खोगिरं शिवायचे. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. हमीदाबाई सातवी झालेल्या. ते रद्दीवाल्याकडून जुन्या कादंबऱ्या घेऊन यायचे, हातातलं चामडं शिवत बसायचे आणि ह्या वाचून दाखवायच्या. एक संपली की ते हळूच म्हणायचे, "झकास हाय. पण ह्यात आपल्यासारखं कुनी न्हाई. राजा घोड्यावर बसतो, खोगीर आपोआप येतं." चार वर्षांत प्लेगनं ते गेले. हे सांगून हमीदाबाई उठल्या, खडूची पेटी घेतली आणि तासाला निघून गेल्या. त्यांच्या कादंबरीतली माणसं का वाढत जातात, हे मी पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. त्यांच्या गोष्टीत प्रेम करणारी बाई शेवटी मरत नसे. विहिरीत उडी नाही, विष नाही, क्षयाचा खोकला नाही. मुलींना निबंध लिहायला देतानाही त्या बजावत, "नायिकेला मारायचं असेल तर आधी माझी परवानगी घ्यायची. कारण चांगलं लागेल." मी तिथे होते तोवर एकाही मुलीला चांगलं कारण सापडलं नाही.

मग बेचाळीसचा ऑगस्ट आला. देशातले मोठे पुढारी पकडून आमच्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. हे कुणी जाहीर केलं नव्हतं, पण चार दिवसांत भाजीवालीलासुद्धा माहीत झालं. किल्ल्याकडचे रस्ते बंद झाले, पहारे बसले. शाळेतल्या मोठ्या मुली वर्गात गांधीटोप्या शिवू लागल्या आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दिवसभर खिडक्या लावत फिरू लागल्या.

हमीदाबाईंच्या कादंबरीचं त्या वेळी नेमकं 'किल्ल्यात शिरायची वाट' हे प्रकरण चालू होतं. जुन्या नगरला डोंगराकडून खापरी नळांनी पाणी यायचं. वेढा पडल्यावर गोदा त्या नळातून रांगत किल्ल्यात तोफांची दारू पोचवते आणि रेहानला फितुरीची बातमी देते, असा तो प्रसंग. पहारे बसण्याच्या आदल्याच आठवड्यात त्या खंदकाच्या कडेनं छत्रीनं खुणा करत हिंडल्या होत्या.

पोलिसांना कुणी सांगितलं ते कधी कळलं नाही. एका सकाळी तिसऱ्या तासाला फौजदार आणि दोन शिपाई शाळेत आले आणि शिक्षकांच्या खोलीतली हमीदाबाईंची पत्र्याची पेटी उघडून सगळा मजकूर घेऊन गेले. सहा वर्षांचं लिखाण. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून त्या मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायच्या. एका बाजूला मोगलांचा वेढा आणि दुसऱ्या बाजूला चौथीच्या मुलींची त्रैराशिकं, असा तो गठ्ठा होता.

दोन आठवडे काही कळलं नाही. हमीदाबाई रोज वेळेवर यायच्या, शिकवायच्या. पण वर्गातसुद्धा 'हाय' आणि 'न्हाई' ऐकू येऊ लागलं, तेव्हा मला त्यांच्या मनाचा अंदाज आला. मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "हमीदाबाई, एक चिठ्ठी लिहून द्या. मजकूर क्षुल्लक आहे, जाळून टाकायला माझी हरकत नाही, एवढंच. शाळेचं अनुदान बंद झालं तर तीनशे मुली घरी बसतील."

हमीदाबाई म्हणाल्या, "राजीनामा मागा. देते. जाळायचं लिहून देनार न्हाई."

मोठ्या बाईंनी राजीनामा मागितला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा मी बरोबर गेले. आत मोठ्या टेबलामागे एक मराठी साहेब बसले होते, पन्नाशीचे, थकलेले. बाजूला गणपतराव नावाचे जाड भिंगांचा चष्मा लावलेले हवालदार गठ्ठा छातीशी धरून उभे होते. तपासाचं काम त्यांच्याकडे होतं.

साहेबांनी एक पान काढलं. "ही वाट कुठे आहे?"

"कंची, साहेब?"

"'गोदेनं नळाचं झाकण सारलं आणि ती किल्ल्याखाली शिरली.' ही. वेशीपासून झाकणापर्यंत चारशे बारा पावलं असं लिहिलंय. मी माणूस पाठवून मोजून घेतली. चारशे नऊ भरली."

हमीदाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "चारशे नऊ? त्याचा पाय मोठा असंल!"

"बाई, मुद्दा तो नाही."

"पावलं खरी हायेत साहेब, झाकन न्हाई. तिथं बाभूळ हाय."

"माणसानंही तेच सांगितलं." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग झाकण कुठं आहे?"

"कुठंच न्हाई. मी केलं." त्यांनी दोन्ही हातांची बोटं जुळवून एक गोल दाखवला. "खापरी नळ आतून एवढा असतो. मांजर जाईल. पोरगी जात न्हाई."

"मग तुमची पोरगी कशी जाते?"

"वाचनाऱ्याला ती जायला हवी असती साहेब, म्हनून जाती."

साहेबांनी पान उलटं केलं. "आणि मागचे हे आकडे? गड्यांची संख्या, दिवस, कामाचे तास?"

"ती चौथीची गणितं. निम्मी चुकलेली हायेत."

हवालदारांनी मान डोलावली. त्यांनीही ती सोडवून बघितली असावीत.

साहेब उठून खिडकीशी गेले. माणूस वाईट नव्हता, पण वरून येणाऱ्या कागदांना त्यालाही उत्तरं द्यायची होती. म्हणाले, "असं करा. हे एक प्रकरण इथे माझ्यासमोर फाडा आणि बाकीचं घेऊन जा. विषय संपला."

मी सुटकेचा श्वास सोडला. चारशे पानांतली अठरा पानं, म्हणजे फारच थोडं.

"नाही," हमीदाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे, नाही, साहेब. ते प्रकरण काढलं तर गोदा बाहेर राहते आणि रेहान फितुरीनं आत मरतो. त्याला मारायला मी सहा वर्षं लिहिलेलं नाही. तुम्हाला ठेवायचंच असेल तर सगळं ठेवा. मी पुन्हा लिहीन."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. शुद्ध, वर्गातली मराठी. भीती गेली होती.

आणि मग हवालदार खाकरले.

"साहेब, एक इचारू का बाईंस्नी?"

"काय?"

"ते..." त्यांनी गठ्ठा थोडा घट्ट धरला. "रेहान वाचतो का वो, बाई? शेवटली पानं ह्यात न्हाईत. पेटीत पुन्हा बघितली, सापडली न्हाईत."

"सापडणार कशी? अजून लिहिलीच नाहीत."

हवालदारांचा चेहरा पडला. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "गणपतराव, तुम्ही पंधरा दिवस तपास करत होता ना?"

"तपासच केला साहेब. तीनदा केला."

साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. मग त्यांनी शिक्का मागवला. पानापानावर 'तपासले' असा जांभळा ठसा हवालदारांनी स्वतःच्या हातानं, काळजीपूर्वक, मजकूर झाकला जाणार नाही असा मारला. सगळी दुपार त्यात गेली. गठ्ठा परत देताना साहेब म्हणाले, "एक अट आहे. किल्ल्यात माणसं आहेत तोवर हे छापायचं नाही."

"मग त्यांना लवकर सोडा, साहेब," हमीदाबाई म्हणाल्या, आणि आम्ही बाहेर पडलो.

कचेरीच्या शेवटच्या पायरीवर त्या छत्री टेकवून मटकन बसल्या. मी घाबरून पाणी आणायला धावले. परत आले तर त्या डोळे पुसत हसत होत्या. "कुसुम," त्या म्हणाल्या, "हवालदाराला लागली गं गोष्ट. जाड भिंगाच्या हवालदाराला!"

शेवटचं प्रकरण त्यांनी त्याच महिन्यात लिहिलं. रेहान वाचतो. वेढा उठत नाही, शहर जातं, पण ही दोघं प्रवरेच्या काठी जाऊन ओतकामाची भट्टी घालतात. तोफा ओतणारे हात देवळांच्या घंटा आणि मशिदीतल्या दिव्यांच्या साखळ्या ओतू लागतात. दोघं आपापला देव ठेवतात. ते वाचून मी वर्गाच्या दाराआड रडले होते, हे त्यांना सांगितलं नाही.

पंचेचाळीस साली किल्ला रिकामा झाला आणि हमीदाबाईंनी गठ्ठा पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवला. दोन महिन्यांनी पत्र आलं. भाषा सुंदर आहे, वेढ्याचं वर्णन अप्रतिम आहे, फक्त एक दुरुस्ती हवी. नायक हबशी आणि मुसलमान, नायिका हिंदू ओतारीण. आजच्या दिवसांत लोक हे मान्य करणार नाहीत. तरी नायक हा लहानपणी पळवलेला मराठा सरदारपुत्र होता असं शेवटी उघड करावं. ते जमत नसेल तर दोघांपैकी एकाचा मृत्यू घडवावा. मृत्यू कोणाचा, हे लेखिकेच्या पसंतीवर.

शेवटचं वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. "पसंतीवर! बघ, केवढं मन मोठं माणसाचं." आणि गठ्ठा परत मागवून घेतला.

नगरमध्ये शांतवनराव म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, उपासनेची पत्रकं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापायचे. हमीदाबाईंचं अक्षर त्यांना प्रश्नपत्रिकांमुळे पाठ होतं. गठ्ठा चाळून ते म्हणाले, "बाई, पानापानावर सरकारनं शिक्का मारलेली कादंबरी मी पहिल्यांदाच बघतोय. छापतो. पण एका जातीचा कागद मिळायचा नाही. मिळेल तो लावावा लागेल."

"लावा. वाचता आलं म्हणजे झालं."

तसंच झालं. पहिली साठ पानं पांढरी, मग बादामी, मग किराणावाल्याच्या पुड्याच्या निळसर कागदावर, शेवटची पुन्हा पांढरी. सात महिने लागले. शाळा सुटली की मी आणि हमीदाबाई छापखान्यात बसून कच्ची छपाई तपासायचो. शांतवनराव स्वतः अक्षरांचे खिळे जुळवायचे. एकदा ते जुळवता जुळवता थांबले आणि म्हणाले, "ही बेगम धान्य विकते, हिला शिक्षा व्हायला पाहिजे." हमीदाबाई म्हणाल्या, "पुढचं पान जुळवा." त्या दिवशी ते जेवायलासुद्धा घरी गेले नाहीत.

पुस्तक बाहेर पडलं. मुखपृष्ठावर तोफ होती आणि खाली ठळक अक्षरात हमीदाबाईंचं पूर्ण नाव. शांतवनरावांनी विचारलं होतं की नुसती आद्याक्षरं घालू का, म्हणजे बाई आहे का बुवा हे कळणार नाही. "शाई महाग झाली का?" एवढंच त्यांनी विचारलं.

पहिल्या महिन्यात दोन निषेधपत्रं आली. एक त्यांच्याच मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांचं, एक गावातल्या एका धर्माभिमानी वकिलांचं. दोघांचं म्हणणं अक्षरशः एकच होतं, की आपल्या माणसानं असं वागलेलं दाखवणं हा अपमान आहे. हमीदाबाईंनी दोन्ही पत्रं फळ्याशेजारी टाचणीनं लावली आणि सातवीच्या मुलींना सांगितलं, "ही दोन माणसं आजवर कुठल्याच गोष्टीवर सहमत झालेली नव्हती. साहित्य काय करू शकतं ते बघा." मोठ्या बाई ती पत्रं काढायला आल्या, वाचली, आणि नुसती टाचणी सरळ करून परत गेल्या.

पण मला खरी आठवते ती त्यानंतरची दुपार. शाळेच्या फाटकाशी एक म्हातारा ओतारी येऊन उभा राहिला. तो थेट नेवाशाहून आला होता, धोतर गुडघ्यापर्यंत, हात भाजल्याच्या डागांनी भरलेले. त्यानं फडक्यात बांधून एक लहानशी पितळी घंटा आणली होती. हमीदाबाईंना बघून म्हणाला, "तुमीच का त्या? आमची नात वाचून दावती. सगळी आळी बसती ऐकायला. पर एक चुकलंय बगा तुमचं. साचा वाळायच्या आदी धातू वतला तर फुटतो. तुमच्या गोदीनं वल्या साच्यात वतलाय."

हमीदाबाईंनी तिथेच, फाटकातच, पुस्तक उघडलं आणि पेन काढलं. "किती दिवस वाळवायचा, बाबा?"

"ऊन आसंल तर चार. न्हाईतर आठ."

त्यांनी ते समासात लिहून घेतलं. म्हाताऱ्यानं घंटा त्यांच्या हातात ठेवली. "आमच्या कामाचं कुनी कागदावर लिवलं न्हवतं कदी," तो म्हणाला आणि उन्हातून चालत निघून गेला. त्या दिवशी पुढच्या दोन तासांना हमीदाबाईंनी काही शिकवलं नाही. मुलींना सांगितलं, वाचत बसा.

सत्तेचाळीसचे ते वाईट महिने आले. त्यांच्या भावानं कराचीला जायचं ठरवलं आणि त्यांनाही घेऊन जायला तो आला. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा भाऊ ओसरीवर बसला होता आणि त्या चहा गाळत होत्या. "आपा, इथं आता आपलं कोण आहे?" तो म्हणाला. हमीदाबाईंनी कप त्याच्यापुढे ठेवला. "वर्गात बेचाळीस मुली आहेत. दुसरी कादंबरी लिहून झाली, आणि तिसरीची वीस प्रकरणं व्हायची आहेत. तू जा. पत्र लिही. तिथला समुद्र कसा आहे ते सविस्तर लिही, मला एक जहाज बुडवायचंय." भाऊ रडत रडत हसला. तो गेल्यावर त्या पंधरा दिवस फार कमी बोलल्या. मग एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी सगळ्यांना विचारलं की कुणी बोटीनं प्रवास केलाय का, आणि मी ओळखलं की त्या सावरल्या.

पुढच्या वर्षी पुण्याचे प्रकाशक स्वतः आले. टांग्यातून उतरले, उपरणं सावरलं. शांतवनरावांच्या प्रती केव्हाच संपल्या होत्या. गावोगावची वाचनालयं विचारत होती. कुणीतरी वहीत उतरवून घेतलेल्या प्रती राहुरी-देवळालीकडे फिरत होत्या. हमीदाबाईंचा तास चालू होता. त्यांनी तो पूर्ण केला. प्रकाशक व्हरांड्यातल्या बाकावर मुलींच्या चपलांशेजारी पाऊण तास बसले. तास सुटल्यावर त्या बाहेर आल्या, हातावरचा खडू झटकला आणि विचारलं, "मग? शेवटी कोणाला मारायचं ठरलं?"

प्रकाशक उठून उभे राहिले. "कोणालाच नाही, बाई," ते म्हणाले. "एक अक्षर बदलणार नाही."

"एक बदलायचंय," हमीदाबाई म्हणाल्या. "साचा चार दिवस वाळवायचा. आठ, ढग असतील तर. आणि तिन्ही कादंबऱ्या छापायच्या, एक नाही." प्रकाशकांनी मान्य केलं. व्हरांड्याच्या खांबामागे उभ्या असलेल्या सातवीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना गप्प करायला मोठ्या बाई धावत आल्या, आणि काय झालं ते कळल्यावर त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या.

एकोणपन्नास साली माझं लग्न झालं आणि मी नगर सोडलं. मनमाडकडे जाणारी सकाळची गाडी होती. हमीदाबाई स्टेशनवर पोचवायला आल्या. माझ्या हातात डब्याचं फडकं देऊन त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, पण बघत होत्या माझ्या पलीकडे. मी वळून पाहिलं. समोरच्या बाकावर हिरव्या बांगड्यांची एक नवी नवरी बसली होती, सतरा-अठरा वर्षांची. मांडीवर गाठोडं आणि गाठोड्यावर उघडं पुस्तक. हमीदाबाईंची तिसरी कादंबरी, पुण्याहून छापून आलेली. सासरचं माणूस तिला काहीतरी विचारत होतं, ती नुसती "हूं" म्हणत होती.

मी तिला सांगायला तोंड उघडलं. हमीदाबाईंनी खिडकीतून हात आत घालून माझा दंड घट्ट दाबला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"कुठवर आली असंल?" त्या कुजबुजल्या.

मी मान लांब करून पाहिलं. "जहाज बुडतंय."

शिट्टी झाली. गाडी हलली. लोक हात हलवू लागले, कुणी रडू लागलं, फेरीवाले ओरडत सुटले. इतक्या गोंधळात त्या मुलीनं एकदाही मान वर केली नाही. तिनं पान उलटलं. फलाटावर हमीदाबाई पदर डोक्यावरून घसरल्याचं भान नसल्यासारख्या उभ्या होत्या, माझ्याकडे न बघता त्या मुलीच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत. असा चेहरा मी कुणाही माणसाचा त्याआधी पाहिला नव्हता. फलाट संपेपर्यंत मी त्यांना बघत राहिले.